चौथी रेघ

बशीरचा फोन आला तेव्हा मी अल ऐनमध्ये, शाळेत, नववीच्या वर्गाबाहेर उभी होते. बशीर म्हणजे माझ्या मामाच्या दुबईतल्या वर्कशॉपचा फोरमन; पेशावरचा, आणि मामाबरोबर सदतीस वर्षं काढलेला. एरवी तो फोनवर ओरडूनच बोलतो, कारण त्याच्या मागे सतत पत्रा ठोकण्याचा आवाज चालू असतो. त्या दिवशी मागे काहीच ऐकू येत नव्हतं. "बेटी," तो हळू आवाजात म्हणाला, "मैंने सब मशीनें बंद करवा दी हैं." पुढचं त्याला सांगावं लागलं नाही... अरूमामा सकाळी नेहमीसारखा रास अल खोरला, वर्कशॉपवर आला, अर्धा कप चहा घेतला आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेला. फुप्फुसं दोन वर्षांपासून कुरकुरत होती. डॉक्टर घरी बसा म्हणत होते आणि मामा त्यांना 'इन्शाल्ला' म्हणून थेट कामावर जात होता. तो घरात, अंथरुणात गेला असता तर मला आश्चर्य वाटलं असतं.

दोन आठवड्यांनी बर दुबईतल्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली. माणसं बरीच आली. या शहरातल्या निम्म्या मराठी घरांचे एसी मामाने कधी ना कधी उघडले होते, त्यामुळे गर्दी होणारच होती. भाषणं झाली. एक ज्येष्ठ गृहस्थ उठले आणि अतिशय प्रेमाने म्हणाले, "अरविंदरावांना त्या इटालियन-अमेरिकन गायकांचा एक विचित्र नाद होता, पण माणूस मनाने शंभर टक्के आपलाच." लोकांनी माना डोलावल्या. मी मात्र त्या 'पण'पाशीच अडकले. जणू मामाच्या नावावर काही डाग होता आणि सभेने तो मोठ्या मनाने पुसून टाकला! मग कुणीतरी स्पीकरवर एक अभंग लावला, आणि वर छतात ब्लोअर घरघरत होता. मी उठले, भिंतीपाशी गेले आणि हॉलचा एसी बंद केला. सप्टेंबर महिना, दुबईचा उन्हाळा. दोन मिनिटांत लोकांनी रुमाल काढले. हॉलचा माणूस धावत आला, "मॅडम, ट्रिप हो गया क्या?" म्हणाला. "नहीं, मैंने बंद किया है. गाना खत्म होगा तो लगा दूँगी," मी म्हटलं. माझं हे वागणं काहींना आवडलं नाही, असं मला नंतर कळवण्यात आलं. कळवू देत. त्यांना मामा माहीत नव्हता, म्हणून आता नीट बसून सांगते.

अरूमामा सांगलीहून इथे आला तो एसी मेकॅनिक म्हणून, बावीस-तेवीस वर्षांचा असताना. गाण्याशी संबंध एवढाच, की घरात रेडिओ होता. इथे कंपनीने त्याला एका हॉटेलच्या कामावर पाठवलं. हॉटेलच्या लाउंजच्या फॉल्स सीलिंगवर पोटावर पडून हवेचे डक्ट सांधायचे, हे काम. त्याच वेळी खाली रामोन नावाचा एक फिलिपिनो गायक संध्याकाळच्या कार्यक्रमाची तालीम करायचा, आणि गायचा ती सगळी जुनी गाणी: अमेरिकेत पोट भरायला गेलेल्या इटालियन आईबापांच्या मुलांनी गाजवलेली. मामाला खालचं काही दिसत नव्हतं. इंग्रजी जेमतेम कळत होतं. ऐकू येत होता तो गळा, आणि गळ्याच्या आधीचा श्वास. "शब्द कळत नव्हते ना, म्हणून मी श्वासच ऐकत पडलो," तो सांगायचा. "हा माणूस दम कुठे घेतो, कुठे लपवतो, संपत आला तरी ओळ कशी सोडत नाही... अगं, हे तर आपलंच काम! हवा आत घ्यायची आणि शेवटच्या खोलीपर्यंत सारख्या दाबाने पोचवायची." चार दिवसांचं काम मामाने अकरा दिवस पुरवलं, आणि त्याबद्दल कंपनीच्या शिव्या खाल्ल्या.

या शिकण्यातच त्याच्याकडून एक चूक झाली, आणि ती चूक फक्त एसी मेकॅनिकच करू शकतो. रामोन एका गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी, चांगला दीर्घ थांबायचा. मामाला ती जागा इतकी आवडली की त्याने ती वर्षभर घोटली. खोलीतल्या सोबत्यांना बसवून समजावलं, की हा इटालियन लोकांचा खास विसावा आहे, तो त्यांच्या रक्तातच असतो. पुढे रामोनशी मैत्री झाली आणि रामोनने त्याला मूळ गायकाची कॅसेट दिली. त्यात विसावाबिसावा काही नाही. गायक सरळ पुढे निघून जातो. मामा कॅसेट घेऊन रामोनकडे गेला, तर रामोन हसून हसून खाली बसला. "ब्रदर, दॅट वॉज यू!" म्हणाला. वर मामा पहिलं कडवं ऐकून झालं की ब्लोअर चालू करून बघायचा, आणि त्या घरघरीत ओळ बुडू नये म्हणून बिचारा रामोन खाली थांबून राहायचा. मामाने स्वतःच्याच ब्लोअरला परंपरा समजून हात जोडले होते! ही गोष्ट तो दर वर्षी नव्याने सांगायचा आणि दर वर्षी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. त्या दिवसापासून त्याचा नियम झाला, गाणं चालू असताना एसी बंद. पण तो विसावा मात्र त्याने मरेपर्यंत सोडला नाही. "चुकून मिळाला म्हणून काय झालं? माझा आहे," म्हणायचा.

पुढे त्याने रास अल खोरला स्वतःचं डक्टचं वर्कशॉप टाकलं. मामी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. वर्कशॉप आणि मी, एवढाच त्याचा संसार. मी दुबईतच जन्मले. दर शुक्रवारी आई मला मामाकडे सोडायची. पुढे सरकारने सुट्टीचे वार बदलले तेव्हा आमचा शुक्रवारही रविवार झाला. शेडच्या मागच्या बाजूला, पत्र्यांच्या थप्प्यांपलीकडे, स्टँडवर एक माइक उभा असायचा आणि त्याच्यासमोर जमिनीवर तीन पिवळ्या रेघा. गोदामात फोर्कलिफ्टसाठी मारतात तसल्याच, त्याच डब्यातल्या रंगाच्या. पहिली रेघ माइकपासून चार पावलांवर. दुसरी अशी, की तिच्यावर उभं राहिलं तर तोंड आणि माइक यांच्यात हातभर अंतर राहावं. तिसरीवर वीतभर. मामाच्या मते त्या गायकांचा सगळा इतिहास या तीन रेघांत मावत होता.

पहिली रेघ बापांची. म्हणजे ज्यांच्या उमेदीच्या काळात माइक नव्हता, जे ऑपेराच्या वळणाने गायचे आणि आवाज पार शेवटच्या बाकापर्यंत फेकायचे. दुसरी त्यांच्या मुलांची. न्हाव्यांची, शिंप्यांची, गवंड्यांची ही पोरं. घरात आई इटालियनमध्ये रागावणार, शाळेत मास्तर नावाची वाट लावणार. या पोरांच्या लक्षात आलं की माइक हे ओरडायचं यंत्र नाही, वाद्य आहे. समोरच्या एकाच माणसाशी बोलावं तशी ती गायला लागली, आणि ते सहज वाटावं म्हणून श्वासावर मरमर मेहनत करायला लागली. मामाचा जीव या रेघेवर. तिसरी रेघ नंतरच्यांची. गल्लीच्या कोपऱ्यावर चौघापाचांनी मिळून सूर लावायचे, गिटार, वरच्या पट्टीतला चोरटा आवाज, चकचकीत कोट. "पोरं चांगली आहेत, पण घाईत आहेत," असं तो म्हणायचा, आणि तरी त्याने त्यांच्यासाठी रेघ मारून ठेवली होती. एसी बंद करून तो मला म्हणायचा, "यल्ला, पहिल्या रेघेवर!" एकच ओळ तिन्ही रेघांवर गायची. घामाने फ्रॉक पाठीला चिकटायचा. बशीर दारात उभा राहून ऐकायचा. मामाकडे गुण देण्याची पद्धत एकच होती. चुकलं की "अजून नाही." जमलं की काहीच नाही, नुसता गप्प बसायचा. "रेघ कुठलीही असो," तो सांगायचा, "तिच्यावर उभी राहून तू फसवतेयस का, एवढंच मी बघणार."

आपली एवढी थोर नाट्यगीतं असताना या परक्यांच्या मागे कशाला लागता, हे त्याला जन्मभर विचारलं गेलं. बर दुबईच्या देवळाबाहेर, लग्नात, गणपतीत, कुठेही. एकदा माझ्यासमोरच कुणी तरी विचारलं तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आपल्यात कमी काहीच नाही हो," तो म्हणाला. "पण ही बघा. मी मराठीत रागावतो, ही इंग्रजीत उत्तर देते. ते सगळे असेच होते. डब्यातल्या जेवणाची लाज वाटायची, नावं तोडून अमेरिकन केली. आणि गायला लागले की आईचाच गळा बाहेर यायचा. आपल्या या पोरांच्या गळ्यातून काय बाहेर येतं, ते मला ऐकायचंय." विचारणाऱ्याला ते फारसं पटलं नाही. मला त्या वयात कळलं नाही. पण हीच त्याची खरी भूक होती, आणि याला कुणी विचित्र नाद म्हणणार असेल तर मी पुन्हा पुन्हा उठून एसी बंद करीन.

माझ्या गळ्यातून विशेष काही बाहेर आलं नाही. मी गणिताची शिक्षिका झाले, लग्न करून अल ऐनला गेले. मग माझी मुलगी, इरा, त्या रेघांवर उभी राहायला लागली आणि मामाने पहिल्यांदाच कान टवकारले. इरा आता एकोणीस वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात तिने आपल्या खोलीत बसून एक गाणं रेकॉर्ड केलं. तेच गाणं, मामाच्या चुकीच्या विसाव्याचं. ओठ माइकला जवळजवळ टेकवून, आजकाल गातात तसं, कानात कुजबुजल्यासारखं. त्या जुन्या गायकांची पणतवंडं आता असंच गातात म्हणे. वर सॉफ्टवेअरने सूर सरळ करून घेतलेले. मित्रमैत्रिणींनी डोक्यावर घेतलं. रविवारी ती मोठ्या कौतुकाने फोन घेऊन मामाकडे गेली. मामाने एसी बंद केला, डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं आणि विचारलं, "यात श्वास कुठे आहेत?"

"आय एडिटेड देम आउट, मामाआजोबा. एव्हरीवन डझ."

"म्हणजे हे कुणी गायलेलंच नाही," मामा म्हणाला आणि फोन परत दिला.

इरा "ओके" म्हणाली, पिशवी उचलली आणि गाडीत जाऊन बसली. घरी उतरताना म्हणाली, "ही थिंक्स आय कान्ट सिंग." त्यानंतर तिने गाणं बंद केलं. मला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी दुबई गाठली आणि वर्कशॉपमध्ये, बशीरच्या देखत, मामावर ओरडले. "मामा, तुझ्या त्या दुसऱ्या रेघेवाल्यांना त्यांचे बाप काय म्हणाले असतील? यंत्रासमोर पुटपुटतोस, हे गाणं नव्हे, असंच ना? जन्मभर तू त्या पोरांच्या बाजूने भांडलास आणि माझ्या पोरीसमोर त्यांचा बाप होऊन बसलास!" मामाने जमिनीवरच्या तिन्ही रेघांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तिची रेघ कुठाय? मी तिला उभी कुठे करू?"

"मग मार की रेघ! रंग संपलाय का तुझ्याकडचा?"

"खलास," तो म्हणाला आणि उठून त्याने एसी चालू केला. मामाने एसी चालू केला की बोलणं संपलं, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

गेलेल्या माणसाशी झालेलं भांडण मागून माघारी घ्यायची आपल्याकडे रीत आहे. मी घेणार नाही. मी त्या दिवशी बरोबर होते आणि मामाला ते कळलं होतं, म्हणूनच तो उठला. मागचे आठ महिने आम्ही येत-जात होतो. पाडव्याला इराने त्याला नमस्कार केला, श्रीखंड खाल्लं, त्याने तिच्या कॉलेजची चौकशी केली. गाण्याचा विषय दोघांनीही काढला नाही. त्याला धाप लागायला लागली होती, वाक्य अर्ध्यात तुटायचं. मी मनात म्हणायचे, उन्हाळा संपला की दोघांना समोरासमोर बसवू... उन्हाळा संपायच्या आत बशीरचा फोन आला. मला मामाच्या जाण्यापेक्षाही एक गोष्ट जास्त डाचत होती. माझी मुलगी आता जन्मभर हेच धरून बसणार, की ज्याचं मत तिला हवं होतं त्याने तिला गायिका म्हणून धरलंच नाही.

शोकसभेनंतरच्या रविवारी आम्ही वर्कशॉप आवरायला गेलो. धंदा बशीरच चालवणार आहे. त्याला जमिनीला करडा रंग द्यायचा होता, त्याआधी मागची बाजू बघून घ्या म्हणाला. इरा यायला तयार नव्हती, खोकी उचलायला माणूस हवं म्हणून मी तिला ओढून नेलं. पत्र्यांच्या थप्प्यांपलीकडे माइक तसाच उभा होता. पुढे तीन पिवळ्या रेघा, मधली झिजून पांढुरकी झालेली. आणि स्टँडच्या अगदी पायाशी चौथी. खडूची. वेडीवाकडी, किती तरी वेळा पुसून पुन्हा मारलेली, आजूबाजूची जमीन त्या पुसापुशीने धुरकट झालेली. तिच्यावर पाय ठेवला तर ओठ माइकपासून चार बोटांवर येतात.

"ये तो रोज़ का था," बशीर म्हणाला. "दोपहर को सबको चाय पे भेज देते. एसी बंद. यहाँ खड़े होके गाते, बिलकुल धीरे. फिर मुझसे पूछते, बशीर, साँस सुनाई दी? मैं बोलता, हाँ सेठ, दी. बोलते, चोरी नहीं करनी, छुपानी है. फिर नीचे बैठ के लकीर मिटाते, नई खींचते. बोलते, अभी नहीं."

"कौन सा गाना, अंकल?" इराने विचारलं.

"वही, बेटा. जो तुम फ़ोन में लाई थीं."

दम पुरत नव्हता म्हणून म्हातारा माइकजवळ सरकला, असं कुणी म्हणेल. सभेतले ते गृहस्थ नक्की म्हणतील. म्हणू देत. ज्याला दम पुरत नाही तो खुर्चीत बसून राहतो, खडू घेऊन गुडघ्यांवर बसत नाही. आणि जवळ येऊनही त्याने स्वतःला सूट दिली नव्हती. पंचाहत्तरीला आलेला माणूस, सगळं आयुष्य एका तऱ्हेच्या गाण्यासाठी भांडलेला, तो माझ्या पोरीच्या तऱ्हेने गाऊन बघत होता आणि रोज नापास होत होता. श्वास चोरायचा नव्हता, कापून टाकायचा नव्हता. म्हणून रेघ खडूचीच राहिली. जमल्याशिवाय तो रंगाला हात लावत नसे. मला हुंदका आला आणि मी तो आवरला नाही, बशीरही तोंड फिरवून उभा राहिला.

इराने बूट काढले आणि ती खडूच्या रेघेवर जाऊन उभी राहिली. अंगठे स्टँडला टेकले. तिने एकदा वर डक्टकडे पाहिलं. "मम्मा," ती म्हणाली, आणि पुढचं मराठीत म्हणाली, "एसी बंद कर."

ती कशी गायली, ते मी लिहिणार नाही. ते सांगणारा एकच माणूस होता आणि त्याच्या जागेवर मला कुणी नेमलेलं नाही. एवढंच सांगते, की शेडमध्ये एकही यंत्र चालू नव्हतं, आणि तरी दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी ती थांबली. चांगली दीर्घ थांबली. मग आम्हा दोघांना ऐकू येईल असा श्वास घेऊन पुढे गेली.

गाणं संपलं. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. बशीरने दारातूनच विचारलं, "बन गया, बेटा?"

"अभी नहीं, अंकल," इरा म्हणाली. तिने गुडघ्यांवर बसून तळव्याने रेघ पुसली आणि खडूसाठी हात पुढे केला.